करारात आपलं पीक लिहून घ्या

(लासुर्णे येथील बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



लासुर्ण्यात बैठक ठरली तेव्हा आम्हांला पहिला प्रश्न आला तो असा, की कालव्याच्या गावात, उसाच्या पट्ट्यात, कापूस-ज्वारीवाल्यांची बैठक कशाला? आम्ही सांगितलं, नीरा डाव्या कालव्याचं पाणी जिथवर जातं तिथवर ऊस आहे. जिथं पोचत नाही तिथं बारामती-इंदापुरातसुद्धा मालदांडीच आहे आणि आभाळाकडं बघणंच आहे. आज शेवगाव-पाथर्डीकडून आणि बीड-परभणीकडून कापसाचे शेतकरी इथं आलेत. त्यांचं आणि इथल्या जिराईतवाल्याचं दुखणं एकच आहे.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. देशादेशांत व्यापाराचे करार होतात, कधी एकाशी एक, कधी दहा-पंधरा देशांच्या गटाशी. ते दिल्लीत नाही तर परदेशात होतात. तीन एकर जिराईत असलेल्या माणसानं त्यात डोकं का घालायचं? आजचं सगळं बोलणं या प्रश्नाचं उत्तर आहे.

आम्ही शेतकीची पदवी घेतली. कॉलेजात आम्हांला बोंडअळीची सगळी जीवनकथा शिकवली. अंडं कधी, अळी कधी, कोष कधी. पण कापसावरची जकात कोण लावतो, कधी काढतो, कुणाच्या सांगण्यावरून काढतो, हे कुणी शिकवलं नाही. बोंडातून सुटलेला कापूस जकातीत सापडतो, हे आम्ही शेतकऱ्यांत फिरायला लागल्यावर शिकलो.

बोंडं फुटायच्या आधीचा निकाल

ऑगस्ट २०२५ चं उदाहरण घ्या. अमेरिकेनं भारताच्या मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के जादा जकात लावली. आपण रशियाचं तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के, म्हणजे एकूण ५० टक्के. फटका बसला तो तयार कपड्यांना. कापड गिरण्यांनी दिल्लीत गाऱ्हाणं मांडलं. आणि १९ ऑगस्टपासून बाहेरच्या कापसावरची आपली ११ टक्के आयात जकात माफ झाली. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे वेचणीचा आणि विक्रीचा भर हंगाम नेमका त्यात सापडला.

भांडण तेलाचं, मार कपड्याला, आणि भरपाई कापसाच्या शेतातून.

हिशेब करू. समजा बाहेरची रुई बंदरावर १५० रुपये किलोनं पडते. ११ टक्के जकात म्हणजे किलोला साडेसोळा रुपये. आपल्या एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. ३४ गुणिले साडेसोळा, झाले ५६१ रुपये. सगळेच्या सगळे ५६१ रुपये त्या दिवशी भावातून उतरतात असं आम्ही म्हणत नाही. जगाचा बाजार, सरकीचा भाव, पिकाचा अंदाज, सगळं त्यात असतं. पण गिरणीवाल्याला तुमच्या कापसाला जास्तीत जास्त किती द्यावं लागेल, ती हद्द तेवढ्यानं खाली येते. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होता. त्या भावाला ५६१ रुपये म्हणजे किती मजुरी, किती खत, हे तुम्हांला आम्ही सांगायची गरज नाही.

आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. ही ११ टक्के जकात फेब्रुवारी २०२१ च्या अंदाजपत्रकात आली. एप्रिल २०२२ मध्ये भाव चढे होते तेव्हा ती ऑक्टोबरअखेरपर्यंत माफ केली. भाव चढले तर गिरणीसाठी माफी, अमेरिकेनं जकात लावली तर गिरणीसाठी माफी. शेतकऱ्याला विचारून लावली नाही, विचारून काढली नाही.

खळ्यावरचा सौदा आणि मोंढ्यातला लिलाव

आता हे एकाशी एक आणि गटाशी, यातला फरक समजून घेऊ. तो तुम्हांला आमच्यापेक्षा चांगला कळतो.

व्यापारी टेम्पो घेऊन तुमच्या खळ्यावर येतो, त्याला खेडा खरेदी म्हणतात. सौदा पटकन होतो, पैसे हातात येतात, वाहतूक वाचते. पण तो एकटा आणि तुम्ही एकटे. तुम्हांला अडचण आहे हे त्याला ठाऊक असेल तर भाव तो सांगणार. दोन देशांतला करार असा असतो. आपल्याकडं समोरच्याला हवी अशी वस्तू असेल तर आपला फायदा. आपण अडलेले असू तर त्याचा.

मोंढ्यात गेलात तर दहा खरेदीदार असतात, लिलाव होतो, दर सगळ्यांसमोर पुकारला जातो. पण तिथले नियम तुम्ही एकट्यानं केलेले नसतात. कटती, हमाली, तोलाई सगळ्यांना लागू. आणि तुमच्याच मालाच्या शेजारी दुसऱ्या जिल्ह्याचा स्वस्त माल येऊन पडतो. गटाचा करार असा असतो.

शहाणा शेतकरी काय करतो? दोन्ही दारं उघडी ठेवतो. खळ्यावरच्या व्यापाऱ्याला मोंढ्याचा भाव सांगतो, आणि मोंढ्यात जाताना खळ्यावरची बोली खिशात ठेवतो. देशानंही तेच करावं. पण कुठल्याही दारानं गेलात तरी चिठ्ठीवर तुमच्या मालाचं नाव, वजन आणि भाव लिहिलेला पाहिजे. चिठ्ठी दुसऱ्याच्या नावाची झाली तर लिलाव कितीही चांगला होवो, पैसे त्याचे.

दूध सुटलं, कापूस राहिला

आता खरी गोष्ट ऐका. नोव्हेंबर २०१२ मध्ये १६ देशांच्या मोठ्या व्यापारगटाची बोलणी सुरू झाली. त्याला आरसेप म्हणतात. आग्नेय आशियातले आसियानचे दहा देश, शिवाय चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आपण. सात वर्षं बोलणी चालली. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाची दूध भुकटी बिनजकात आली तर आपला दूधवाला बसेल, म्हणून देशभर आवाज उठला. सहकारी दूध संघ बोलले, शेतकरी संघटना बोलल्या. बाहेर पडायला चिनी मालाची भीती हेही मोठं कारण होतं. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारत त्यातून बाहेर पडला. बाकीच्या पंधरांनी वर्षभरानं, १५ नोव्हेंबर २०२० ला सह्या केल्या.

इंदापूर-बारामतीच्या गोठ्यांतून त्या दिवशी सुटकेचा श्वास निघाला, आणि तो योग्यच होता.

पण पुढचं बघा. त्या १६ मधल्या आसियानच्या दहा देशांशी, जपानशी आणि कोरियाशी आपले करार २०१० आणि २०११ पासून होतेच. राहिले होते चीन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. मोठ्या बाजारातून उठून आपण खळ्यावरचे सौदे सुरू केले. २ एप्रिल २०२२ ला ऑस्ट्रेलियाशी करारावर सही झाली, २९ डिसेंबर २०२२ पासून तो लागू झाला. त्यात दुधाचे पदार्थ सवलतीबाहेर ठेवले. छान झालं. आणि कापूस? दरवर्षी ५१ हजार टन, म्हणजे १७० किलोच्या ३ लाख गाठी, बिनजकात आणायची मुभा दिली.

आपल्या देशात वर्षाला सुमारे ३०० लाख गाठी पिकतात. त्यात ३ लाख म्हणजे शंभरात एक. एवढ्यानं बाजार कोसळत नाही, ही खोटी भीती आम्ही घालणार नाही. पण रीत लक्षात घ्या. दुधाचं नाव कुणीतरी लिहून घेतलं होतं, म्हणून ते सुटलं. कापसाचं नाव कुणी लिहून घेतलं नव्हतं, म्हणून समोरच्याला काहीतरी द्यायची वेळ आली तेव्हा ते देण्यासारखं वाटलं.

हा दूधवाल्यावर रोष नाही. इथं बसलेल्या निम्म्या घरांत दावणीला गाय आहे आणि रानात ज्वारी आहे. त्यांनी केलं तेच आपण केलं नाही, एवढंच आमचं म्हणणं आहे.

अमेरिकेच्या शेतकऱ्यानं काय केलं

आता उलट बाजू बघा. बांगलादेश आपल्या कापसाचा आणि सुताचा मोठा गिऱ्हाईक. ९ फेब्रुवारी २०२६ ला बांगलादेश आणि अमेरिका यांच्यात व्यापार करार झाला. त्यात अमेरिकेनं एक कलम घातलं. बांगलादेशानं अमेरिकी कापूस वापरून केलेले ठरावीक कपडे अमेरिकेत आणले, तर त्यांना नवी जकात शून्य लागेल अशी सोय करायची.

म्हणजे करार कपड्याचा, पण त्यात टेक्सासच्या शेतकऱ्याचं बोंड लिहिलेलं. ढाक्याचा गिरणीवाला आता परभणीची रुई घेताना दोनदा विचार करील. त्या करारात पुढं काय बदलतं ते बदलो, धडा बदलत नाही. दोघांच्या सौद्यात तिसऱ्याचं गिऱ्हाईक जातं. आणि ज्यानं आपलं पीक लिहून घेतलं त्याचं राखलं जातं.

आपणही कपड्याचे करार करतो. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी सही झाली. २७ जानेवारी २०२६ ला युरोपीय संघाशी बोलणी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, म्हणजे एका बाजूला आपण आणि दुसऱ्या बाजूला २७ देशांचा गट. या करारांना आमचा विरोध नाही. तिरुपूरचा कपडा जास्त विकला गेला तर सूत जास्त लागेल. पण ते सूत कुणाच्या कापसाचं? कपडा विकायचा करार एका हातानं आणि बाहेरच्या कापसाला जकातमाफी दुसऱ्या हातानं, असं झालं तर फायदा बंदरावर उतरेल, गावात येणार नाही.

शेजाऱ्यांचा गट आणि दोघांचं भांडण

कुणी म्हणेल, मग गटातच राहावं, गट जास्त भरवशाचा. तेही पारखून घेऊ. दक्षिण आशियाच्या सात देशांनी ६ जानेवारी २००४ ला इस्लामाबादेत मुक्त व्यापाराचा करार केला, तो २००६ पासून लागू झाला. कापसाच्या दृष्टीनं याच्याइतका जवळचा बाजार दुसरा नाही. एका बाजूला बांगलादेशच्या गिरण्या, दुसऱ्या बाजूला पाकिस्तानच्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाचा हल्ला झाला. भारतानं पाकिस्तानच्या मालावर २०० टक्के जकात लावली, ऑगस्टमध्ये पाकिस्ताननं व्यापारच थांबवला. ३१ मार्च २०२१ ला पाकिस्तानच्या आर्थिक समितीनं भारतातून कापूस आणि साखर घ्यायला मंजुरी दिली. म्हणजे परभणी आणि इंदापूर, दोघांचा माल. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच मंत्रिमंडळानं ती मंजुरी फिरवली. एका रात्रीचं गिऱ्हाईक!

देशाच्या सुरक्षेपुढं व्यापार मागं राहतो, त्यावर आमची तक्रार नाही. पण गटातल्या दोघांचं फाटलं की गटाचा कागद तसाच पडून राहतो, हे ध्यानात ठेवा.

आणि सगळ्यात मोठा बाजार, जागतिक व्यापार संघटनेचा? तिथं ब्राझीलनं २००२ मध्ये अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध दावा लावला, २००५ मध्ये अपिलातही जिंकला, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. त्याच अनुदानानं मेलेले आफ्रिकेतले बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांनी २००३ पासून गाऱ्हाणं मांडलं. त्यांच्या पदरात तसं काही पडलं नाही. न्यायाचं दार सगळ्यांना उघडं, पण आत जायला वकील लागतो.

ज्वारीवाल्यांनो, तुम्हीही ऐका

ज्वारीला परदेशाशी काय देणंघेणं, असं कुणाला वाटत असेल. जुन्या गॅट करारात आपल्या देशानं ज्वारीवर शून्य जकातीची हमी लिहून दिली होती. बाहेरून माल आणायला परवाना लागे, तोवर ते झाकून राहिलं. पण १ एप्रिल २००१ ला आयातीवरचे उरलेले परिमाणबंध उठणार, हे ठरल्यावर धावपळ झाली. १९९९ च्या अखेरीस बोलणी करून ज्वारी, मका, तांदूळ यांची ती मर्यादा वाढवून घेतली. बदल्यात दुसऱ्या मालांवर सवलती द्याव्या लागल्या. एकदा लिहिलेलं खोडायलाही किंमत पडते.

फेब्रुवारी २०२६ मध्ये भारत-अमेरिकेचं संयुक्त निवेदन निघालं. ज्या मालांवरची जकात भारत कमी किंवा रद्द करणार म्हणून नावं घेतली, त्यांत पशुखाद्यासाठीची लाल ज्वारी आहे. निवेदन म्हणजे अंतिम करार नव्हे. पण आमची नजर त्या शब्दावर अडकली.

अमेरिकी ज्वारीचा मोठा खरेदीदार चीन. एप्रिल २०१८ मध्ये दोघांचं भांडण पेटलं तेव्हा चीननं त्या ज्वारीवर १७८.६ टक्के अनामत लावली. भर समुद्रात जहाजांनी वाटा बदलल्या. महिन्याभरात समेट झाला, अनामत उठली. अशा वेळी त्या मालाला दुसरं गिऱ्हाईक लागतं.

लाल ज्वारीची कुणी भाकरी करणार नाही. मालदांडीच्या ताटात ती येणार नाही, आणि मालदांडीचा कडबाही तिला देता येणार नाही. पण कोंबड्यांच्या खाद्यात जाणारी आपली खरिपाची संकरित ज्वारी आणि मका यांच्या भावावर ती बसेल. पोल्ट्रीवाल्याला आणि दूधवाल्याला खाद्य स्वस्त मिळेल, हेही खरं. म्हणून आम्ही दार लावा म्हणत नाही. किती टन, कुठल्या महिन्यात आणि काय जकातीनं, हे आधी आम्हांला विचारा, एवढं म्हणतो.

आपल्याच हातांनी तोडलेला शब्द

दोष सगळा परक्यांचा नाही. आपण एप्रिल २०१० मध्ये कापसाची निर्यात थांबवली, ५ मार्च २०१२ ला पुन्हा बंदी घातली. त्या वेळचे कृषिमंत्री इथले, बारामतीचे शरद पवार. आपल्याला विचारलं नाही असं त्यांनीच जाहीर सांगितलं. कृषिमंत्र्याला विचारत नाहीत तिथं तुमचं-आमचं काय?

८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ पर्यंत. मधल्या काळात बांगलादेशाला ५० हजार टन, संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन, असा कांदा सरकार ते सरकार पाठवला. मैत्री जपली गेली. पण गिऱ्हाईक कोण, किती घेणार आणि कुणामार्फत जाणार, हे सगळं दिल्लीनं ठरवलं. शेतकऱ्याला त्याच बंदीत कांदा विकावा लागला. शेजाऱ्याशी मैत्री करावी, पण आमच्या पोत्यावर नको.

१९९० च्या दशकात डंकेल मसुद्यावरून वाद पेटला तेव्हा शरद जोशींनी त्याला पाठिंबा दिला. कर्नाटकात नंजुंडस्वामींनी विरोध केला. जोशींचं म्हणणं होतं, या देशात शेतकऱ्याला अनुदान उणे मिळतं, म्हणजे सरकार देतं त्याहून जास्त काढून घेतं. बाजार खुला झाला तर त्याचं भलंच होईल. आम्ही आजही खुल्या बाजाराच्याच बाजूचे आहोत. पण आयातीचं दार पूर्ण उघडं आणि निर्यातीच्या दाराला दिल्लीचं कुलूप, याला खुला बाजार म्हणत नाहीत.

आपण काय करायचं

आमच्या मागण्या तीन.

पहिली. कापसाच्या जकातीत ऑक्टोबर ते मार्च बदल करायचा नाही. करायचाच असेल तर पेरणीच्या आधी, मे महिन्यात जाहीर करा. मग शेतकरी कापूस लावायचा की तूर, ते ठरवील.

दुसरी. कपड्याच्या प्रत्येक करारात भारतीय कापसाचं नाव लिहून घ्या. अमेरिकेनं घेतलं, आपणही घ्यावं. आणि ज्या देशांशी करार करतो त्यांना हमी द्या, की हंगाम चालू असताना निर्यातबंदी घालणार नाही. भरवसा नसलेल्या दुकानात गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

तिसरी. सही होण्याआधी पिकांची यादी मराठीत छापा आणि जिल्ह्याला सुनावणी घ्या. एकाशी करार असो की गटाशी, यादी आम्हांला आधी दिसली पाहिजे.

पण नुसत्या मागणीनं कुणी देत नाही. दूधवाल्यांकडं रोजच्या लिटरचा हिशेब होता, म्हणून ते बोलू शकले. आपल्याकडं काय आहे? म्हणून या हंगामापासून प्रत्येक गावात एक वही ठेवा. तारीख, कापूस किंवा ज्वारी किती विकली, कुठं, कुणाला, काय भावानं, कटती किती. शेजारच्या रकान्यात त्या दिवशी जकात होती की माफ होती. आम्ही संघटनेकडून जकातीच्या तारखा दर महिन्याला कळवू. पुढच्या वर्षी दहा गावांच्या वह्या एकत्र ठेवल्या तर आज आम्ही समजा म्हणून मांडलेल्या ५६१ रुपयांच्या जागी खरा आकडा येईल. तो आकडा आम्ही खासदारापुढं ठेवू आणि वाणिज्य मंत्रालयातही नेऊ.

वही गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडं द्या. त्या नोंदी नीट ठेवतात, हा आमचा अनुभव आहे. लासुर्ण्याची पहिली वही आजच या टेबलावर उघडी आहे. ज्यांनी या वर्षी माल विकलाय त्यांनी उठून जायच्या आधी आपली एक ओळ लिहून जा.